शाईवरची वाळू

फट् असा आवाज झाला. मागे कुणीतरी पंखा मिटला होता. दनीझच्या हातातली कुंचली राजाच्या नाकावरून घसरून गालावर गेली.

तिने वळून बघितलं नाही. तिचा डावा हात आपोआप खिडकीकडे गेला, कडी लागली आहे का हे चाचपून परत मांडीवर आला, आणि मगच तिला श्वास घेता आला. सकाळपासून खोलीत आवाज असा नव्हताच. सासू पहिल्या प्रार्थनेला देवळात गेली होती, ती अजून आली नव्हती. खालच्या मजल्यावरचा टोपीवाला सर्दीने अंथरुणात होता, त्यामुळे त्याची ठोकठाक बंद होती. नदीवरून आलेलं फेब्रुवारीचं धुकं काचांना चिकटून बसलं होतं. अशा शांततेत पंखा मिटल्याचा आवाज, आणि तोही तसा मिटल्याचा. बाकीचे लोक पंखा दोन हातांनी मिटतात, घडीवर घडी बसवत. एका हाताने, मनगटाला झटका देऊन, पहिली काडी शेवटच्या काडीवर आपटून पंखा मिटणारा माणूस या घरात एकच होता. तिचा नवरा ग्रेग्वार प्रत्येक तयार पंखा असा कानाशी मिटून बघायचा, मडकं वाजवून घ्यावं तसा. आवाज बसका आला तर म्हणायचा, "हा रडका आहे, हा एखाद्या विधवेला विका." तो आवाज या खोलीत दोन वर्षं झाला नव्हता. आणि आज तो झाला तेव्हा आपल्याला काय झालं, हे दनीझला नीट कळलं. आनंद झाला नाही. हात खिडकीकडे गेला.

कामाच्या मेजाखाली बाबेत बसली होती. सहा वर्षांची, गुडघे छातीशी घेतलेली, हातात कालचा तयार पंखा.

"ठेव तो खाली."

"मला जमलं. बघ ना, एका हाताने."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. हाताला येतच होतं."

दनीझने पावाचा मऊ तुकडा चिमटीत मळून राजाच्या गालावरचा रंग टिपला. पंख्याचं चामडं तलम होतं, जोरात घासलं तर फाटलं असतं. हा सदतिसावा राजा. राजा मोठ्या दुखण्यातून उठला होता, वैद्यांनी त्याला कापलं होतं आणि तो ओरडला नव्हता म्हणे. साऱ्या शहरात घंटा वाजल्या होत्या, चौकाचौकात होळ्या पेटल्या होत्या, आणि व्यापाऱ्याने चाळीस पंख्यांचं काम आणून टाकलं होतं. राजा पलंगावरून उठतोय, आरोग्यदेवी त्याचा हात धरते आहे, पायाशी देश गुडघे टेकून बसलाय. "आजारातून उठलाय, पण आजारी दिसता कामा नये, बाई," व्यापारी म्हणाला होता. "आणि नाक जरा उंच. तुमचा मागच्या खेपेचा राजा खाटकासारखा दिसत होता." दनीझने राजाला कधी पाहिलं नव्हतं. नाण्यावर होता तेवढाच. नखाएवढा चेहरा, तीन केसांच्या कुंचलीने. डोळे शेवटी. डोळ्यांचे दोन ठिपके टेकवले की तो चामड्यातून तिच्याकडे बघायला लागायचा, आणि ते ठिपके आपणच टेकवले हे माहीत असूनही ती क्षणभर शाल सावरायची.

मेजाच्या कडेला, रंगाच्या वाटीखाली, तो कागद होता. अर्ज. ग्रेग्वारला सोडावं म्हणून. सासूने फुली मारली होती, मामेसासऱ्यांनी सही केली होती, पाद्रीबाबांनी आपल्या गोल अक्षरात साक्ष घातली होती. बायकोची जागा मोकळी होती. राजा बरा झाल्याच्या आनंदात काही लोकांना माफी मिळणार होती, आणि पाद्रीबाबा दुपारच्या घंटेला येऊन कागद नेणार होते. घंटेला किती वेळ आहे, हे धुक्यामुळे सांगता येत नव्हतं.

बाबेतने पुन्हा पंखा उघडला. काड्या एकीवरून एक सरकल्याचा तो बारीक, दातांतून हसल्यासारखा आवाज. तो आला की दनीझला ती दुपार दिसायची. जूनमधली दुपार होती ती, खिडकी सताड उघडी. ग्रेग्वार दारू पिऊन आला होता, पण फार नाही. फार पिऊन आला असता तर पडून राहिला असता. तो सासूचा झाडू काठीसारखा टेकवत राजाची चाल करून दाखवत होता, टाचा उंच, पोट पुढे, मान अशी की वरच्या पाखरांनीसुद्धा वाकावं. सासू हसत होती. दनीझही हसत होती, हे ती आता स्वतःशी नाकारत नव्हती. मग त्याने बाबेतला उचललं, चार वर्षांची होती ती, आणि "महाराजांना पॅरिस बघायचंय" म्हणत खिडकीबाहेर धरलं. तिसऱ्या मजल्यावरून. दोन्ही हातांत, काखेत धरून, हात लांब करून. खाली दगडी रस्ता, पाणक्याची गाडी. बाबेत हसत होती. ग्रेग्वार हसत होता. हसण्याने त्याचे हात हलत होते.  ओरडलं तर तो दचकेल, दचकला तर. ती हातात रंगाची वाटी घेऊन उभी राहिली. किती वेळ, ते तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. एखादी स्तोत्राची ओळ म्हणून होईल एवढा वेळ असेल. मग त्याने मुलीला आत घेतलं, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाला, "काय चेहरा केलायस. मी काय तिला टाकणार होतो?" आणि त्याला खरंच कळत नव्हतं. हेच तिला सहन झालं नाही. तो दुष्ट असता तर तिने दार लावून घेतलं असतं.

सासूने त्या रात्री बेत केला. सासू जिलेत, हाडापेराने लहान, पण तिने ठरवलं की घरातली भांडीसुद्धा ऐकायची. "त्याचा बाप असता तर पट्ट्याने सरळ केला असता," ती म्हणाली. "बाप नाही. पण सगळ्यांचा एक बाप आहे ना. पलीकडच्या गल्लीतल्या कसाबणीने मुलाला आत घातलं, सहा आठवड्यांत मेंढरू होऊन आला. आता रोज देवळात येतो." गल्लीत हे कुणाला वावगं वाटत नव्हतं. नवरा, मुलगा, कधी बायकोसुद्धा. घरातल्यांनी अर्ज करायचा, शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची, राजाने एक पत्र धाडायचं. पंचायत नाही, साक्षीपुरावा नाही, गावभर बोभाटा नाही. घरातली गोष्ट घरातच राहते, असं सासू म्हणाली. फक्त त्या घराला राजवाड्याची एक खोली जोडायची.

कबरस्तानाच्या ओवरीत बसणाऱ्या लेखनिकाकडे त्या तिघी गेल्या. बाबेतला घरी कुणाकडे ठेवणार? ओवरीवरच्या माळ्यात कवट्या रचलेल्या, आणि खाली फिती, मोजे, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांची गर्दी. लेखनिक दातात लवंग धरून बोलायचा. त्याने ग्रेग्वारचे गुन्हे लिहून घेतले. दारू. कामाचा आळस. राजाची नक्कल, हे त्याने लिहू नये असं दनीझ म्हणाली, त्याने लिहिलं नाही. तेवढं त्याचं भलेपण. खिडकीचं मात्र त्याने सविस्तर लिहिलं, आणि लिहिताना दोनदा "अरेरे" म्हणाला.

"मुदत किती घालू?" त्याने विचारलं.

"मुदत कसली?" सासू म्हणाली.

"कोंडून किती दिवस ठेवायचं? तीन महिने? सहा?"

दनीझ म्हणणार होती, दोन. दोन महिने. तिच्या जिभेवर आलं होतं. पण सासूने मान ताठ केली.

"राजाला आपण आकडा सांगायचा? मीठ आणि लोणी घ्यायला आलोय का आपण, एवढं द्या म्हणायला? बाप आहे तो. पोराला कोपऱ्यात किती वेळ उभं करायचं, ते बापाला समजतं."

"बरोबर बोललात, आजीबाई," लेखनिक म्हणाला. "आकडा घातला तर शिष्टपणा दिसतो. मी लिहितो, महाराजांच्या मर्जीला येईल तोवर."

आणि दनीझला ते बरोबर वाटलं. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची. सासूवर ढकलता आलं असतं, पण तेव्हा तिलाही ते शोभून दिसलं होतं. पाहुण्याकडे जेवायला गेल्यावर कुणी वाढप मोजत नाही, तसं. तिने सही केली. सही तिला येत होती, बापाने शिकवली होती, शेवटच्या अक्षराची शेपटी ती वळवायची. शाई ओली होती. लेखनिकाने शाई सुकवायच्या वाळूची डबी बाबेतच्या हातात दिली आणि म्हणाला, "चल, छोट्या बाई, तू आमची मदतनीस." बाबेतने डबी हलवली, फार वाळू पडली, लेखनिक हसला, त्याने कागद तिरका करून उरलेली वाळू परत डबीत ओतली, आणि ती डबी तिलाच देऊन टाकली. टिनाची, झाकणाला भोकं पाडलेली. अजून ती बाबेतच्या खेळण्यांत होती.

नऊ दिवसांत पत्र आलं. धुराडं साफ करणारा मिळायला याहून जास्त दिवस लागतात. सकाळी दोघेजण आले, त्यांतल्या एकाने टोपी काढली. ग्रेग्वार कोबीचं सूप पीत होता. त्यांनी कागद पुढे धरला, तीन ओळी, खाली सही. त्याला वाचायला फारसं येत नव्हतं, पण त्याने आपलं नाव ओळखलं, आणि मग त्याने एक गोष्ट केली ती दनीझच्या मनातून गेली नाही. त्याने केस सारखे केले. आईकडे बघून म्हणाला, "माझं नाव लिहिलंय इथं." जवळजवळ अभिमानाने. मग सूप संपवायला वेळ आहे का, असं त्याने त्या माणसांना विचारलं. वेळ आहे, ते म्हणाले. त्याने वाटी पावाने पुसून घेतली.

त्या रात्री घर शांत झालं. खिडकी उघडी ठेवून दनीझ झोपली, बाबेतच्या पोटावर हात ठेवून, आणि सकाळी उठली तेव्हा तिला वाटलं, असं आपण लग्न झाल्यापासून झोपलो नव्हतो. तिने देवाचे आभार मानले, आणि देवाच्या चेहऱ्यावर नाण्यावरचं नाक होतं.

सहा आठवडे झाले. तीन महिने झाले. सहा झाले. सासू रोज म्हणायची, येईल आता. मग म्हणेनाशी झाली. पहिल्यांदा सोडवणुकीचा अर्ज घेऊन दनीझ कचेरीत गेली तेव्हा तिथला कारकून तिच्याशी फार चांगला बोलला. बसायला सांगितलं. "बाई, तुम्ही मागितलं ते महाराजांनी दिलं. आता तुम्ही म्हणता, परत घ्या. म्हणजे तेव्हा चुकलं कुणाचं? तुमचं असेल तर तुम्ही राजाला खोटं सांगितलंत. आणि तुमचं नसेल तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तिच्या चिखलाने भरलेल्या खडावांकडे बघत राहिला. ती उठून आली.

अकरा महिन्यांनी भेटायची परवानगी मिळाली. शहराबाहेरचं ते लांबलचक घर, लोकरीचा वास, खोकल्याचे आवाज. ग्रेग्वारला आणलं तेव्हा तो जाड झाला होता, पांढरा, पिठात ठेवल्यासारखा. पहारेकऱ्याने बस म्हटल्यावर बसला. त्याच्या बोटांना लोकर पिंजून चिरा पडल्या होत्या. ज्या बोटांनी तो केसाएवढ्या घड्या घालायचा. पंख्यांबद्दल त्याने विचारलं नाही. मुलीबद्दल विचारलं, पण तेही शेजारच्या घरातल्या मुलीची चौकशी करावी तसं.

"दनीझ, राजाला माझं नाव माहीत आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू बघितलंस ना, लिहिलं होतं. एवढं मोठं राज्य, त्यात माझं नाव. आता त्याला माझी आठवण राहिली नसेल, कामं किती त्याला. कुणीतरी आठवण करून द्यायला हवी. नुसतं कळलं ना त्याला, की सोडेल तो."

"हो," ती म्हणाली.

"चहाडी कुणी केली, तेही मला माहीत आहे. टोपीवाल्याने. मी त्याच्या बायकोला हसलो होतो. हो ना?"

दनीझने त्याच्याकडे बघितलं. टोपीवाल्याची सही होतीच अर्जावर, साक्षीदार म्हणून, तिच्या सहीच्या खाली.

"असेल," ती म्हणाली.

"मी त्याला माफ केलंय. इथं माफ करायला शिकवतात." आणि त्याने तिचा हात घेतला, पहारेकऱ्याकडे बघितलं, चालेल का म्हणून, आणि मग त्याचा मुका घेतला. "तू मात्र माझ्यासाठी किती करतेस," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तिने तो हात शालीत गुंडाळून ठेवला.

"तिचं पत्र आलंय," मेजाखालून बाबेत म्हणाली.

"कुणाचं?"

बाबेतने लाकडी बाहुली रंगांच्या रिकाम्या पेटीत आडवी ठेवली होती. चामड्याच्या कपट्यावर रेघोट्या काढून तो कपटा तिच्या छातीवर ठेवला होता, आणि आता ती टिनाच्या डबीतून त्यावर वाळू शिंपडत होती, मन लावून, जीभ बाहेर काढून.

"तिने काय केलं?"

"ती खिडकीत हसत होती." बाबेतने पेटीचं झाकण लावलं. "तिला आवडत होतं, पण."

दनीझला ते ऐकू आलं आणि आलं नाही. तिने सदतिसाव्याचे डोळे टेकवले, कुंचली पाण्यात धुतली, टोकाला जीभ लावून केस एकत्र केले. त्या दुपारबद्दल मुलीने आजवर एकदाच काही सांगितलं होतं, तापात असताना: बाबांनी मला उडवलं होतं, मला पुन्हा उडायचंय.

सकाळी देवळात जाताना सासू उंबऱ्यात थांबली होती. दोन वर्षांत ती वाकली होती, आणि आता तिला सगळं निराळंच आठवत होतं. "फुली मारली मी," ती म्हणाली. "तुझीच राहिलीय."

"करते, आई. रंग वाळू दे."

"तेव्हा रंग नव्हता वाळायचा. तेव्हा कसा झरझर चालला होता गं हात? शेपटीसुद्धा वळवली होतीस अक्षराची."

"मुदत घालू नका म्हणून तुम्ही म्हणालात."

"मी म्हातारी बाई. तू शिकलेली." सासूने शाल डोक्यावरून घेतली. "खरं सांगू? बरं चाललंय तुझं. सगळे रंग तुझे, खिडकी तुझी. नवरा जिवंत असून विधवेचं सुख. राजाने केलंन् हे तुझ्यासाठी, तू त्याचीच तोंडं रंगव."

 सासूला एक गोष्ट माहीत नव्हती. ती पाद्रीबाबांनी रविवारी प्रार्थनेनंतर दनीझला बाजूला घेऊन सांगितली होती, साध्या आवाजात, पाकशास्त्रातली एखादी कृती सांगावी तशी. माफी मिळालेल्या माणसाला दारात उभं करून दोन्ही अर्ज वाचून दाखवतात. आधी पहिला, कोंडा म्हणणारा. खालच्या सह्यांसकट, नावं घेऊन. मग दुसरा. म्हणजे त्याला समजतं, की राजा कुणावर आपणहून रागावत नाही. लोक मागतात, तो देतो. माणूस राजाचे आभार मानत घरी जातो. "आणि घरच्यांचं?" तिने विचारलं होतं. पाद्रीबाबा म्हणाले होते, "घरच्यांचं घरच्यांनी बघायचं."

तेव्हापासून चार दिवस ती तो दरवाजा बघत होती. ग्रेग्वार, पांढरा, जाड, केस सारखे केलेला. कुणीतरी वाचतंय. अर्जदार, आई. अर्जदार, पत्नी. तो कान देऊन ऐकतोय, स्वतःचं नाव येतं तेव्हा मान हलवतोय. मग कागद पुढे जातो. मग खिडकी. तिथे तो काय करेल? हसेल? आणि मग तो चालत येणार, चिखलातून, पुलावरून, या जिन्याने, या खोलीत, जिथे खिडकी आहे आणि बाबेत आहे. मारलं त्याने, तर ती सोसेल. तेवढं आपण देणं लागतो असं तिला वाटत होतं. पण तो मारणार नाही, हेच तिला खरं दिसत होतं. तो दारात उभा राहील, बसू का म्हणून तिला विचारेल. आणि रोज विचारेल. जेवू का. झोपू का. मुलीला उचलू का. आणि दर वेळी तिला मान हलवावी लागेल, डोळ्यांचे दोन ठिपके घेऊन. तिकडे राहिला, तर तिच्या हाताचा मुका घेणारा एक माणूस या जगात राहतो. लोकर पिंजत, टोपीवाल्याला माफ करत.

तिने लेखणी उचलली. शाईत बुडवली. कागद वाटीखालून ओढला, आणि वाटीचा निळा गोल त्या मोकळ्या जागेच्या कडेला उमटलेला दिसला. पहिलं अक्षर काढायला हात टेकला. त्याच हाताने सदतीस राजे काढले होते, कुठेही न अडता. हात हलला नाही. शाईचा थेंब टोकाशी जमला, फुगला. तो पडू नये म्हणून तिने लेखणी परत दौतीत ठेवली. मग पुन्हा उचलली. लग्नाच्या वहीत सही करतानाही तिचा हात असाच अडला होता, तेव्हा ग्रेग्वारने वाकून कानात सांगितलं होतं, चूक झाली तर सांग, आपण दोघं मिळून पळू. ती हसली होती, देवळात, सगळ्यांसमोर.

घंटा झाली. धुक्यात ती जवळून वाजल्यासारखी वाटली. जिन्यात पाद्रीबाबांच्या जोड्यांचा आवाज, दर मजल्यावर थांबून खोकला. बाबेत मेजाखालून बाहेर आली, टिनाची डबी घेऊन मेजाच्या टोकाशी शहाण्यासारखी उभी राहिली.

"झाली का सही, पोरी?" पाद्रीबाबांनी दारातूनच विचारलं.

"उद्या सकाळी मी स्वतः आणून देते, बाबा."

"उद्या कुठलं. यादी आत्ता जाते. पुढची यादी निघायला राजा पुन्हा आजारी पडायला हवा, आणि तसं मनात आणणंसुद्धा पाप." ते आपल्याच बोलण्यावर हसले, मग त्यांनी मोकळी जागा बघितली आणि हसायचे थांबले.

"वाचून दाखवतातच का?" ती म्हणाली. "दोन्ही?"

"दोन्ही."

"नावासकट?"

"नावांशिवाय त्याला काय कळणार?"

तिने कागदाची घडी घातली. पंख्याची घातली जाते तशी, एकावर एक बारीक, शेवटी बोटाएवढी पट्टी उरेपर्यंत. ती करताना तिचा हात एकदाही अडला नाही.

पाद्रीबाबा जिन्याकडे वळले. "जिलेतबाई खाली पायरीवर बसल्यात," ते म्हणाले. "त्यांना काय सांगू?"

"हात दुखतोय म्हणून सांगा. फार तोंडं काढली महिनाभर."

ते गेले. जोड्यांचा आवाज एक मजला उतरला, दुसरा उतरला, आणि मग थांबला.  दनीझने अडतिसावं चामडं समोर ओढलं आणि कुंचलीच्या टोकाला जीभ लावली.

बाबेत अजून तिथेच उभी होती. तिने डबी कानाशी नेऊन हलवून बघितली, आत वाळू आहे ना.

"नाही टाकायची?"

"नाही. आज नाही."

बाबेतने मान हलवली. पेटीचं झाकण उचकून बाहुली आहे का ते बघितलं, झाकण परत लावलं, त्यावर बसली. आईच्या हाताकडे, मग खिडकीच्या कडीकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई."

"काय गं?"

"माझं पत्र लिहिशील तेव्हा वाळू कोण टाकणार?"